थाळीतला मान
दुबईत नोकरीला असलेल्या मुलांकडे आईवडील आले, की करामा किंवा बर दुबईतील भारतीय उपाहारगृहात जाणे ओघाने आलेच. रक्तदाबाची गोळी घेणारे माझे वडील तेथील थाळी पाहून हरखले. मी मात्र तत्काळ लोणचे, पापड बाजूला सारले. त्यांनी मुकाट्याने हात आवरता घेतला. पथ्य सांभाळताना मी त्यांचा मान सांभाळला नव्हता. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला योग्यच. परंतु असे बोलणे पानावर बसण्यापूर्वी, घरीच व्हावे. आता वडील स्वतःच वाढप्याला सांगतात, "पापड नको, ताक बिनमिठाचे द्या." लोणच्याची एक फोड तेवढी ठेवून घेतात. वाचकहो, ज्येष्ठांच्या ताटातील निवड त्यांच्याच हाती राहू द्या.