आपलं टाकं, वेगळा कप

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी शाळेच्या सहलीत पाहिली ती मुख्यतः डबा खायची जागा म्हणून. मूर्तींपेक्षा टाकी लक्षात राहिली. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपलं टाकं, आणि पावसाचं पाणी त्यात आणून सोडणारे कातळातले पाट. पुढे शिलालेखांची भाषांतरं वाचली. कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिलं होतं. नाव, गाव, धंदा, दिलेली वस्तू; कुठे सर्व प्राण्यांच्या सुखाची इच्छा. चांगुलपणा म्हणजे काय, हे सांगत बसायला तिथे कुणाला सवड नव्हती. नव्वदाव्या लेण्यात तर 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरलीत. सगळे वेगवेगळे, नावानिशी. नावं वेगळी असल्यानं काही बिघडत नाही. पाणी वेगळं केलं की बिघडतं.

घरी आई रोज हरिपाठ म्हणायची. सर्वांभूती एकच देव, हे तिला मनापासून पटलेलं. आणि भांडीवाल्या बाईंचा कान तुटलेला कप मोरीच्या कट्ट्यावर उपडा. त्याच बाईंच्या लेकीची फी आई भरायची, त्या आजारी पडल्या तेव्हा उशाशी बसली. चांगल्या माणसाची कुठलीही व्याख्या करा, आई तीत बसली असती. कप बसला नसता.

अद्वैत सांगणाऱ्या आपल्या मुलखातच 1923 साली मुंबई कायदेमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांना सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, असा ठराव तिथे आणावा लागला. महाड नगरपालिकेनं तो कागदावर मानलाही. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा माणसं मार खाऊन परतली आणि नंतर तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. मारणाऱ्यांतले आणि शुद्ध करणाऱ्यांतले किती जण रोज पोथी वाचत असतील!

सून आली आणि एक दिवस सगळे कप सारखे झाले. भाषण नाही, काही नाही. आता कामाला त्याच बाईंची लेक येते. चहा पिऊन ती आपला कप विसळते आणि कट्ट्यावर उपडा घालते. सून तो उचलून फडताळात ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मीच त्या मुलीला सगळ्यांत एकच आत्मा वगैरे सांगायला गेलो.

“काका,” ती म्हणाली, “तुमचा चहा निवतोय.”