बोलका वर्ग

मराठीच्या तासाला वर्ग चिडीचूप असेल तर मला काळजी वाटते. मुलं बोललीच नाहीत तर भाषा येणार कुठून? मी मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. 2020च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली खरी, पण माझ्या वर्गात घरी कोणी गुजराती बोलतं, कोणी भोजपुरी, कोणी तमिळ. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी आणि वह्या वगळून जो वेळ उरतो, त्यात कोणाला किती बोलायला मिळतं, यावर लक्ष ठेवणं हेच माझ्या मते वर्ग सांभाळणं.

सगळ्या वर्गाला प्रश्न टाकला की मराठी घरांतल्या चारपाच मुलांचे हात वर होतात आणि तास त्यांचाच होऊन बसतो. म्हणून आधी जोडीत बोलायचं, मग मी नाव घेणार. जोड्या मीच लावते. गुजरातीत तीन लिंगं आहेत, हिंदीत दोनच. त्यामुळे 'ते पुस्तक' म्हणताना हिंदीभाषक मूल जिथे अडतं, तिथे गुजराती मूल सहसा अडत नाही. अशा दोघांना एका बाकावर बसवलं की निम्मं काम होतं.

नाव घेतल्यावर थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं दाखवून दिलं होतं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारीही बोलू लागतात. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर ते तीन सेकंद फारच गरजेचे असतात.

आणि हसणं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "माझा आजी गावाला जाते." मागून खसखस पिकली. मी फक्त विचारलं, "तुझी आजी कोणत्या गावाला जाते?" तो म्हणाला, "माझी आजी जौनपूरला जाते." चूक दुरुस्त झाली, त्याचं बोलणंही तुटलं नाही. हसणाऱ्यांना पुढचा प्रश्न आजीबद्दल त्यालाच विचारायला लावला.

मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना एक विनंती आहे. मराठीच्या वर्गातून आवाज आला तर दाराशी दोन मिनिटं थांबा, मुलं कोणत्या भाषेत आणि कशाबद्दल बोलताहेत ते ऐका आणि मगच लॉगबुकात शेरा लिहा.