उरलेल्या गोळ्या

आमच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना डबा होता. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या मी त्यात जपून ठेवीत असे. काटकसर, दुसरे काय! गेल्या पावसाळ्यात धाकटीला विषमज्वर झाला आणि मी तोच डबा उघडला. चार दिवस ताप हटेना. अखेर डॉक्टरांनी रक्त तपासून दुसरे औषध दिले, तेव्हा पोर वाचली.

१९४८ साली क्लोरँफेनिकॉल या रोगावर रामबाण ठरले. १९७२ साली केरळात जंतू त्यालाही पुरून उरले. २०१८ साली नवी मुंबईत लाखाहून अधिक मुलांना लस टोचली, ती उगीच नव्हे. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे वाढतात. मी मास्तर, घरातही नकळत जंतूंची शाळाच चालवीत होतो!

डबा दिवाळीच्या आवराआवरीत निघाला. त्या जागी आता चिवडा आहे. धाकटी तो उरू देत नाही.