चित्र आणि शिक्का

विषयवार तिकीटसंग्रह म्हणजे फुलांची, हत्तींची किंवा आगगाड्यांची तिकिटे एका वहीत चिकटविणे, हा जो समज चांगल्या सुशिक्षित मंडळींतही रूढ आहे, तो या छंदाच्या आरंभापुरता खरा असला, तरी प्रदर्शनाच्या चौकटीत सोळा सोळा पाने लावण्याची वेळ आली म्हणजे फारसा उपयोगी पडत नाही. माझा विषय टपालाच्या वाहनांचा. हरकाऱ्यापासून विमानापर्यंत हिंदुस्थानात पत्र कसकसे गेले, हे टपालाच्याच दस्तऐवजांनी, म्हणजे तिकिटे, शिक्के आणि पाकिटे यांनी, सांगावयाचे.

या विषयावर सरकारनेच एक आयती मालिका काढून ठेविली आहे. सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीत, १९३७ साली, नाशिकच्या सरकारी छापखान्यातून निघालेल्या त्या तिकिटांपैकी दोन आण्यांवर हरकारा, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीनवर टांगा, साडेतीनवर उंट, चारवर आगगाडी, सहावर आगबोट, आठवर मोटार आणि बारा आण्यांवर विमान आहे. किमतीबरोबर वेगही चढत जावा असा बेत दिसतो. उंट टांग्याच्या पुढे कसा गेला, हे त्याच तिकिटांवर मुखवटा असलेल्या बादशहालाच ठाऊक. ही आठ तिकिटे ओळीने मांडली की विषय संपला असे पाहणाऱ्यास वाटते, आणि म्हणूनच मी ती तशी मांडीत नाही. कारण तो क्रम टपालखात्याने लावलेला आहे, आणि प्रदर्शनात तपासला जातो तो मांडणाऱ्याने लावलेला. सबब हरकारा पहिल्या पानांत आणि विमान अखेरच्या पानांत जाते. संच अखंड पाहण्याची सवय जडलेल्या जुन्या संग्राहकांना हे कृत्य क्रूर वाटते, पण आंतरराष्ट्रीय नियमांत १०० पैकी ३५ गुण शीर्षक, आराखडा, विस्तार आणि नावीन्य यांना, २० दुर्मिळतेला आणि अवघे ५ देखणेपणाला ठेविले आहेत, ही वाटणी मला तरी न्याय्य वाटते. पानापानावर रंगीत वेलबुट्टी काढणाऱ्यांनी तिचा एकदा शांतपणे विचार करावा.

परंतु या कामातली खरी गोडी याहून वेगळीच आहे. तिकिटावरचे चित्र हा प्रवासाचा पुरावा नव्हे. उंटाचे तिकीट लावलेले पाकीट उभ्या जन्मात उंटाच्या पाठीवर चढलेले नसते. याउलट धावत्या गाडीच्या टपालडब्यात, पत्रांची छाननी चालू असता उमटविलेला आर. एम. एस.चा शिक्का, त्याखालच्या तिकिटावर चित्र कसलेही असो, आगगाडीची साक्ष देतो. आगगाडीच्या पानावर म्हणूनच मी चार आण्यांच्या कोऱ्या तिकिटापेक्षा असे मळके पाकीट मधोमध ठेवितो.

याचा सर्वोत्तम दाखला अलाहाबादचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने तेथील प्रदर्शनाच्या मैदानावरून यमुनेपलीकडे नैनीस सुमारे ६,५०० पत्रे नेली. जगातील पहिले अधिकृत विमानटपाल ते हेच. त्या पत्रांवरच्या तिकिटांत विमानाचा मागमूस नाही, राजाचे मस्तक तेवढे आहे, कारण विमानाचे चित्र असलेली तिकिटे हिंदुस्थानात १९२९ साली निघाली. विमान आहे ते शिक्क्यात, डोंगरांवरून उडणारे, आणि केवळ चित्रे जमविणाऱ्याच्या हातून नेमके तेच पाकीट निसटते.

या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९६१ साली तीन तिकिटे निघाली, आणि त्यांत खुद्द त्या जुन्या शिक्क्याचेही चित्र आले. ते तिकीट स्वस्त असल्याने बहुतेक मंडळी मूळ पाकिटाशेजारीच त्याची स्थापना करतात. मी ते तेथे ठेवीत नाही. टपालखाते आपलाच इतिहास तिकिटांवर काढू लागले, त्या काळासाठी मी अखेरीस एक निराळे प्रकरण राखले आहे, आणि १९६१ हे साल तेथे शोभते; काही परीक्षक मात्र दोन्ही एकाच पानावर मागतात, आणि त्यांचे म्हणणे मला अजून पटलेले नाही.