सात नंबर, औषध घ्या!

सत्तरच्या दशकातला सरकारी इस्पितळाचा जनरल वॉर्ड ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या नाकात स्पिरिट-फिनेलचा वास अजून असेल. औषधं मोजकीच. कंपाउंडर खलात पावडर घोटायचा, बरणीतलं लाल मिक्स्चर घरून आणलेल्या बाटलीत ओतायचा आणि डोस कळावा म्हणून खाचा पाडलेली कागदी पट्टी बाटलीला चिकटवायचा. काचेच्या सिरिंजा स्टरिलायझरमध्ये खदखदत असायच्या. पेनिसिलिनआधी सिस्टर हातावर टेस्ट डोस टोचायची, भोवती पेनानं गोल काढायची आणि “खाजलं तर सांगा हं” म्हणत पुढे सरकायची. कोण गोळी गादीखाली लपवतो, हेही तिला पाठ असायचं.

सगळंच आलबेल होतं असं मात्र नाही. हाक खाटेच्या नंबरानं: “सात नंबर, औषध घ्या!” सातवरचे आजोबा वाऱ्यासाठी खिडकीपाशी नऊवर जाऊन बसले, की त्यांची गोळी दुसऱ्याच्याच पोटात. इन्शुलिनच्या चारापुढे ‘युनिट’साठी घाईत काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसला, की चाराचे चाळीस. काही बिनसलंच तर “औषध सोसलं नाही” म्हणून विषय मिटायचा. नोंद कोण ठेवणार?

आता मोठ्या रुग्णालयात पेशंटच्या मनगटावर पट्टी असते. सिस्टर पूर्ण नाव विचारते, पट्टीशी ताडून पाहते, मगच गोळी देते. शिरेतून थेट गेलं तर हृदय बंद पाडणारं तीव्र पोटॅशियम क्लोराइड वेगळं, कुलपात ठेवतात. २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची देशपातळीवर नोंद होते.

पण औषधंही वाढली. सत्तरीतल्या पेशंटच्या चार्टवर आठ-दहा नावं सहज दिसतात. इन्शुलिन मिलीलिटरला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, सिरिंजही वेगवेगळ्या. १००चं इन्शुलिन ४०च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट होतो. ड्युटी बदलताना, आयसीयूतून वॉर्डात आणताना आणि डिस्चार्जच्या वेळी घोळ होतो. घरी अॅम्लोडिपिन चालूच असतं, इस्पितळ तेच दुसऱ्या ब्रँडनं लिहून देतं. आजी दोन्ही घेतात आणि चक्कर येऊन पडतात.

जुन्या सिस्टरची आठवण येते ती तिला पेशंटची ओळख असायची म्हणून. तेव्हाची पद्धत परत यावी असं मात्र कुणी म्हणू नये. ती ओळख आता घरच्यांनीच पुरवायला हवी. भरती होताना घरच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या. कशाची अॅलर्जी आहे ते न विचारता सांगा. गोळीचा रंग बदलला तर संकोच न करता विचारा. डिस्चार्जच्या कागदावर जुन्यातलं काय बंद, काय चालू, हे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. आणि औषध बाधलंच, तर डॉक्टरांना सांगून दुष्परिणामांच्या नोंदीसाठीच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावरही कळवा.