अंधारीतला धूर

देवगिरी किल्ल्यावर गप्पा कुठे बंद होतात ते ठरलेलं आहे. चांद मिनारपर्यंत सगळे हौसेने चालतात, चिनी महालापाशी फोटो होतात. खंदक ओलांडून चढण लागली की मांड्या भरून येतात आणि जो तो कठडा शोधतो. दम लागला म्हणत आपण सारं खापर फुफ्फुसांवर फोडतो. ती बिचारी आपलं काम चोख करत असतात. ओरड असते मांड्यांची, आणि तिथवर ऑक्सिजन पोचवायचं काम रक्ताचं.

रक्तातल्या पाण्यात ऑक्सिजन फारसा विरघळतच नाही. शंभर मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर. तेवढ्यावर किल्ला सोडा, अंथरुणातून उठणंही जमलं नसतं. तेवढ्याच रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र वीसएक मिलिलिटर उचलतं. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, म्हणजे ऑक्सिजनला चार जागा; आणि एका तांबड्या पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू.

मला कौतुक आहे ते हा रेणू ऑक्सिजन सोडतो कसा, याचं. नुसतं घट्ट धरून ठेवणारा काय कामाचा? आपण निवांत बसलेलो असताना तो जेमतेम पाव हिस्सा उतरवतो, बाकीचा तसाच परत आणतो. चढणीवर मांडी तापते, तिथे आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि नेमकी तिथेच त्याची पकड ढिली पडते. जो राबतो त्याच्या पदरात जास्त. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम 1904 मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी सहकाऱ्यांसह दाखवला. अणूवाले नील्स बोर ते यांचेच चिरंजीव.

चढताना मग अंधारी येते, किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग. वटवाघळांचा उग्र दर्प, पायाखालची पायरी चाचपत जायचं. गाइड मोबाइलची बॅटरी लावून सांगतो, वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण होतं, त्यावर आग पेटवून धूर खाली कोंडायची सोय होती. ऐकणारे ‘बाप रे’ म्हणून पुढे सरकतात. मला तिथे थांबावंसं वाटतं. कोंडलेल्या आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. लोहाच्या त्याच जागेवर तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. वर उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही मग सहजी सुटत नाही. छाती वरखाली होत राहते, हवा आत येत राहते, आणि मांडीला मिळत काहीच नाही. किल्ला रचणाऱ्यांना यातलं रसायन ठाऊक नव्हतं. परिणाम पक्का ठाऊक असणार.

करोनात घरोघरी आलेलं बोटाचं ऑक्सिमीटर अशा माणसाला लावलं तर ते खुशाल 98 दाखवू शकतं. लाल आणि अवरक्त उजेड टाकून ते रक्ताचा रंग जोखतं, आणि मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन त्याला भरलेल्यासारखंच लालभडक दिसतं. म्हणून दारं-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी उशाशी ठेवून झोपलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की जाणता डॉक्टर त्या आकड्यावर विसंबत नाही. तो रक्त तपासायला पाठवतो आणि उत्तर यायच्या आतच ऑक्सिजनचा मास्क चढवतो.