जोर नै लगाने का

कार्बोरेटरवाली मोटारसायकल अजून ज्यांच्या दारात आहे, त्यांना डिसेंबरातली सकाळ काय असते ते सांगायला नको. आमच्या परभणीकडची थंडी अशी, की फजरची नमाज पढून बाहेर आलं की बोटं आखडतात. चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि जुन्या गाडीचा चोकच जड झालेला असतो. मग माणूस जोर लावतो. जोराने केबल तुटते, नाहीतर खटका मोडतो.

चोकचं काम साधं आहे. इंजिन थंड असलं की पेट्रोलची वाफ नीट होत नाही. माझ्या शंभर सीसीच्या गाडीत कार्बोरेटरच्या तोंडाशी एक छोटी झडप आहे. हँडलवरचा चोक ओढला की केबल ती झडप मिटवते, हवा कमी जाते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन चालू होतं. ते तापलं की चोक परत बंद करायचा. तो अर्धवट अडकला तर काळा धूर, प्लगवर काजळी आणि पेट्रोलचा फुकट खर्च.

गेल्या हिवाळ्यात माझा चोक असाच जड झाला. एका रविवारी मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजवर गेलो. मालक बाहेर गेले होते. त्यांचा मुलगा होता, माझ्याच वर्गातला, नववीचा. मी चोक दाखवायला हात पुढे केला तर म्हणाला, "सर, जोर नै लगाने का. पहले देखेंगे, अटक्या कहाँ है."

त्याने कार्बोरेटरकडचं केबलचं टोक सोडवलं आणि तिथली दांडी एका बोटाने हलवली. ती लोण्यासारखी फिरली. म्हणजे झडप ठीक, दोष केबलमध्ये. दांडीच जड असती तर तिच्या बुडाशी क्लीनर मारून जुन्या ब्रशने मळ काढावा लागला असता. बीएडला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवली होती: मूल नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा, मग उपचारात्मक अध्यापन करा. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलं. हा पोरगा ते पान्याने करत होता.

केबल काढून त्याने टोकं तपासली. एक जरी धागा तुटलेला असता तर नवीच टाकायला लागली असती. तशी नव्हती, नुसती कोरडी पडून गंजली होती. त्याने ती खिळ्याला उभी टांगली, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्याने बांधला आणि त्यात शिलाई मशीनचं तेल ओतलं. आतली तार वरखाली करत राहिला. खालून आधी चहाच्या रंगाचे थेंब पडले, मग स्वच्छ.

"ग्रीस का नाही?" मी विचारलं.

"ग्रीस में मिट्टी बैठती, सर. फिर जाम."

केबल परत बसवल्यावर त्याने हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. वळताना केबल ताणली जाऊ नये आणि झडप पूर्ण उघडावी, म्हणून थोडी ढील ठेवली. पैसे घेत नव्हता. मी दिलेच.

याच मुलाने जूनमध्ये शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' असा लिहिला होता. त्या दिवशी कारण विचारलं. मान वर न करता म्हणाला, "हँसते लोगां."

कोण हसतं, हे मला विचारावं लागलं नाही. 'पंक्चरवाले' ही आपल्या कौमेला दिलेली शिवी त्याच्या मोबाइलवरही पोचते. पण सोयरीक जुळवताना मुलगा गॅरेजवर बसतो हे आपणही दबक्या आवाजातच सांगतो. इल्म म्हटलं की आपल्याला किताबच दिसते, हुनर दिसत नाही.

तरीही त्याच्या हाताची तारीफ करून त्याला तिथेच बसवणं मला पटत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 चे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात ओढायचा चोकच नाही. थंड इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ते सेन्सरच्या मदतीने गाडीच ठरवते. तिथे दोष शोधायचा तर करंट, व्होल्टेज, वायरिंगचा नकाशा समजायला हवा. म्हणजे नववी-दहावीचं विज्ञान हवं.

त्याच्या वालिदांना मी एवढंच सांगितलं, की दहावी होऊ द्या, मग आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेऊ द्या. ते म्हणाले, "पढ के भी इधरिच आया तो, सर?"

"आला तर येऊ द्या. पण ज्या गाड्या तुम्ही आज परत पाठवता, त्या तो उघडेल."

ते काही बोलले नाहीत. मुलगा सध्या शाळेत येतो. फॉर्म आता पुन्हा जूनमध्ये भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचं, ते मी त्याला सांगणार नाही. तिथेही जोर लावून उपयोग नाही.